झाडावरची माणसं : दोर, करवती आणि खाली लावलेल्या ॲक्टिव्हा

दोरवाला
रविवार, रात्री ९:४०

बँकेच्या फॉर्मवर 'व्यवसाय' या रकान्यात काय लिहावं हे मला आठ वर्षांत ठरवता आलेलं नाही. आई नातेवाइकांत 'झाडांचा डॉक्टर' म्हणून सांगते, सासरे 'बागकामात आहेत' म्हणून विषय बदलतात आणि सोसायटीचा वॉचमन गेटवरून वर ओरडतो, "साहेब, झाडतोडे आलेत!" तिघांपैकी कामं फक्त वॉचमन मिळवून देतो, त्यामुळे त्याच्याशी मी वाद घालत नाही.

सध्या मे, म्हणजे आमची सुगी. वळवाचे दोन फटके बसले की आपल्या डोक्यावर झाडं आहेत हे पुण्याला एकदम आठवतं. मागे एका धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं, की दोरावर लटकून झाडं छाटणाऱ्या या लोकांच्या पिशवीत असतं तरी काय. तर आज पिशवी उपडी करतो.

पहिली फेकदोरी. दोनेक मिलिमीटर जाडीची घसरडी दोरी आणि तिच्या टोकाला छऱ्यांनी भरलेली तीनशे-साडेतीनशे ग्रॅमची थैली. ती दोन पायांमधून झुलवून चाळीस फुटांवरच्या बेचक्यातून पार करायची, मग तिला मुख्य दोर बांधून ओढून घ्यायचा. वाचायला सोपं आहे. गेल्या आठवड्यात एरंडवण्यात माझी थैली बेचकं सोडून दुसऱ्या मजल्याच्या गच्चीत वाळत घातलेल्या कुरडयांवर पडली. काकूंनी थैली परत दिली, सोबत एक तळलेली कुरडई दिली आणि "पुढच्या वेळी चीक असतो तेव्हा या" म्हणाल्या. पुण्यात असं होत नाही म्हणतात, म्हणून मुद्दाम नोंदवून ठेवतो.

मुख्य दोर साधारण पावणेबारा मिलिमीटरचा, ४५ मीटर लांब. ईएन १८९१ या युरोपीय मानकातला 'ए' प्रकार. त्याची किमान ताकद २२ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २,२०० किलो. मी ७४ किलोचा, मग एवढा दोर कशाला, असं हिशेबी लोक विचारतात. गाठ मारली की ताकद घटते, सालीवर घासून घटते, उन्हाने घटते. आणि माणूस फूटभर जरी सैल पडला तरी दोराला बसणारा धक्का ७४ किलोचा राहत नाही.

हार्नेस बसका असतो, मांड्यांना आणि कमरेला रुंद पट्टे. पोटासमोर दोराचा एक छोटा पूल, त्यावर कडी सरकते, त्यामुळे डावी-उजवीकडे झुकता येतं. कमरेच्या दोन्ही बाजूंना आणखी कड्या. त्यांत अडकवायला तारेचा गाभा असलेला दुसरा आखूड दोर, ज्याला आम्ही लँयार्ड म्हणतो. करवत हातात घेतली की दोन जागी बांधलेलं असायचं, हा नियम. ताणलेल्या दोराला धारदार पातं नुसतं टेकलं तरी तो लोण्यासारखा जातो.

आणि करवत. माझी जपानी आहे, वाकड्या पात्याची. ती ओढताना कापते. आपल्या सुताराची करवत ढकलताना कापते, त्याचे पाय जमिनीवर असतात म्हणून चालतं. दोरावर लटकलेल्या माणसाने ढकललं तर फांदी जागेवर राहते आणि माणूस मागे जातो. दुसऱ्याच वर्षी या करवतीने माझ्या डाव्या हाताला सात टाके घातले. फांदी अपेक्षेपेक्षा लवकर कापली गेली आणि पुढचा हिसका हातावर आला. तेव्हापासून डावा हात करवतीच्या रेषेत ठेवत नाही.

लोकांना वाटतं आम्ही दिवसभर चेनसॉ गुरगुरवत असतो. छाटणीचं बहुतेक काम हातकरवतीनेच होतं.

बाकी प्रतिसादांत. विचारा.

---

सह्यभटका
रविवार, रात्री १०:१५

भारी धागा. माझ्याकडे १० मिमीचा डायनॅमिक दोर आहे, हार्नेस आहे, डिसेंडर (दोरावरून उतरायचं साधन) आहे. तैलबैला, ड्यूक्स नोज झालंय. सोसायटीतला आंबा मीच हलका करू का? तंत्र तर एकच ना?

---

दोरवाला
रविवार, रात्री १०:५०

@सह्यभटका, एक नाही. तुमचा दोर पडणाऱ्याला झेलायला बनवलाय, म्हणून तो ताणतो. ८० किलोच्या वजनाला एकेरी डायनॅमिक दोर १० टक्क्यांपर्यंत ताणलेला मानकात चालतो. आमच्या दोराला मर्यादा ५ टक्क्यांची. तुम्ही कड्यावर हातापायांनी चढता, दोर विम्यासारखा असतो. आम्ही सगळा वेळ दोरावरच बसलेलो असतो. करवतीच्या प्रत्येक ओढीला वर-खाली झोका बसला तर कापायचं काय? शिवाय तुमच्या हार्नेसला कमरेच्या बाजूंना कड्या नाहीत. दोन तास लटकून बघा, मांड्या सुन्न होतील.

पण कर्ज मान्य आहे. दोरावर आवळून धरणारी आणि सैल केल्यावर सरकणारी गाठ आम्हाला तुमच्याच लोकांनी दिली. कार्ल प्रुसिक नावाच्या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ साली ती मांडली. मी अजून गाठीवरच चढतो. यांत्रिक साधनं आहेत, फार सुरेख आहेत, पण गाठ रोज सकाळी नवी बांधता येते. साधन झिजलं की नवीन येईपर्यंत घरी बसावं लागतं.

---

सेक्रेटरी_बी_विंग
सोमवार, सकाळी ८:०५

आमच्या सोसायटीत (सहकारनगर) पार्किंगवर झुकलेला एक जुना गुलमोहर आहे. त्यासाठी दोन दर आले. एक १८,०००, दुसरा ४,००० 'आणि लाकूड आम्ही नेणार'. दोघेही अनुभवी असल्याचं सांगतात. सभासदांना उत्तर मला द्यायचं असतं. १४,००० रुपये नेमके कशाचे, हे कृपया समजावून सांगावे. उपहास नाही, खरोखर विचारतो आहे.

---

दोरवाला
सोमवार, दुपारी २:३०

@सेक्रेटरी_बी_विंग, उत्तर तुमच्याच वाक्यात आहे. 'लाकूड आम्ही नेणार.'

त्या माणसाचे पैसे वखारीत मिळतात, वजनावर. डहाळ्यांना तिथे कोणी विचारत नाही, पैसे जाड लाकडाचे. मग तुमच्या झाडावर चढल्यावर त्याची करवत कुठे जाईल? पार्किंगवर आलेलं टोक आहे मनगटाएवढं, ते कापून त्याचा चहासुद्धा सुटत नाही. तो मांडीएवढी फांदी बुंध्यापाशी कापणार. त्याला वाईट म्हणू नका, सौदाच तसा ठरलाय.

जास्त दर सांगणाऱ्यात काय असतं : वर एक, खाली किमान दोन माणसं. त्यातला एक चढणारा, म्हणजे वरचा अडकला तर त्याला उतरवू शकणारा. बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये लटकत राहणं हा मिनिटांचा खेळ असतो, शिडी कुठून आणायची हे तेव्हा शोधता येत नाही. मग विमा, काप-प्रतिबंधक पँट, पाला उचलून नेणारा टेम्पो. आणि अर्धा दिवस गाड्या हलवण्यात जातो. हे मी विनोदाने लिहीत नाही. झाडाखाली कायम एक ॲक्टिव्हा अशी असते जिचा मालक हिंजवडीत असतो आणि किल्ली त्याच्या खिशात.

परवानगीचं दोघांनाही विचारा. १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतनाच्या कायद्यात 'तोडणे' या शब्दात झाडाला इजा करणंही येतं, त्यामुळे नुसत्या छाटणीलाही महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज लागतो. आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष धरतात. तुमचा गुलमोहर किती जुना?

आता माझी एक जुनी तक्रार, पुन्हा अशी संधी मिळणार नाही. काम संपल्यावर लोक झाडाकडे बघत नाहीत, खालच्या ढिगाकडे बघतात. ढीग मोठा असेल तर पैसे वसूल. मी एकदा प्रभात रोडला तीन तास एका पर्जन्यवृक्षात होतो. वाळलेल्या फांद्या काढल्या, एकमेकींवर घासणाऱ्या दोन सोडवल्या, गच्चीवर आलेलं एक टोक आखूड केलं. खाली जेमतेम हातगाडीभर पाला. मालक म्हणाले, "एवढंच? मग इतका वेळ वर करत काय होतात?"

---

पारंबी
सोमवार, रात्री ९:१०

मी वनस्पतिशास्त्र शिकले, मग प्रयोगशाळेतून झाडावर गेले. उलटा प्रवास म्हणा. दोरवाल्यांनी ढिगाचं लिहिलंय त्यात माझी भर.

फांदी जिथे खोडातून निघते तिथे एक फुगीर कडं असतं, आम्ही कॉलर म्हणतो. काप त्याच्या बाहेर, पण अगदी लगत हवा. कॉलरसकट खोडाला सपाट कापलं तर खोडालाच जखम होते. वीतभर खुंट ठेवला तर तो कुजतो आणि कूज आत शिरते. गुलमोहर या बाबतीत फार नाजूक. पुण्यातले निम्मे पोकळ गुलमोहर मला अशा जुन्या खुंटांच्या वाटेनेच पोखरलेले दिसतात (हे माझं निरीक्षण, शास्त्रीय मोजणी नाही).

जाड फांदी एका कापात घ्यायची नाही. आधी हातभर बाहेर खालून थोडा काप, मग त्याच्या जरा पुढे वरून. वजन गेलं की उरलेला खुंट कॉलरपाशी तिसऱ्या कापात. खालचा काप विसरलात तर फांदी पडताना खोडाची साल पार खालपर्यंत सोलून नेते.

अमेरिकेतल्या ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडं उभी चिरून हे दाखवलं, की झाड आपल्यासारखी जखम भरून काढत नाही, ते तिला आतून भिंती घालून कोंडून टाकतं आणि बाजूने नवं लाकूड वाढवतं. म्हणून कापावर डांबर, ऑइलपेंट, शेण काहीही फासून कूज थांबत नाही. गेरू-चुना खोडाला शोभतो, तेवढ्यासाठी लावा.

आणि नारळ! बुटांना खिळे लावून नारळावर चढणारे लोक बोलावू नका. नारळाच्या खोडाला वडा-आंब्यासारखा सालीखालचा वाढीचा थर नसतो. एकदा पडलेलं भोक मरेपर्यंत तसंच राहतं. बाकीच्या झाडांवरही खिळे फक्त ते झाड काढूनच टाकायचं असेल तेव्हा.

---

मुळशीचा_म्हातारा
मंगळवार, सकाळी ६:२०

नातवानं वाचून दाखवलं. त्यालाच लिहायला लावलंय.

आमचा बा काथ्याच्या सोलावर चढायचा. एकच दोर. इहिरीत उतरायला तोच, बैलगाडीला तोच, झाडावर तोच अन् नागपंचमीला पोरींच्या झोक्याला बी तोच. पायात दोराचं कडं, कमरंला कोयता. हेल्मेट मी पहिल्यांदा फटफटीवर पाह्यलं.

पर एक सांगतो. बा झाडावर हात ठेवायच्या आधी त्याला फेरी मारायचा. बुडाला आळंबं आलंय का, मुंग्या कुठून आत जात्यात, पोपट कुठल्या ढोलीत शिरतोय. मंग कुऱ्हाडीच्या तुंब्यानं खोड वाजवायचा. भदभद वाजलं की त्या अंगानं जायचा नाय. तरी एकदा पडला. जांभळीवरनं. जांभूळ दगा देती, हिरवीगार फांदी काडकन मोडती. कंबर गेली ती गेलीच.

तुमच्या जपानी करवतीचं नातवाला लई कौतुक वाटलं. मला त्या दोन जागी बांधायचं वाटलं. बाला कुणी सांगितलं असतं तर.

---

दोरवाला
मंगळवार, रात्री ९:००

@मुळशीचा_म्हातारा, बाबा, नमस्कार. ती फेरी मी अजून मारतो, आणि वाजवून बघायला प्लॅस्टिकच्या डोक्याचा हातोडा पिशवीत आहेच. इतर वाचकांसाठी : बुंध्याशी छत्रीसारखी किंवा फळीसारखी कडक बुरशी दिसली तर ती उपटून 'साफ' करू नका, आधी दाखवा. बुरशीचं फळ बाहेर दिसतं तेव्हा तिचं जाळं मुळांत बरंच पसरलेलं असतं. अशा झाडावर मी दोर टाकत नाही. शेजारच्या धडधाकट झाडाला बांधून घेतो, नाहीतर क्रेनची बादली मागवतो.

जांभळीचं शंभर टक्के खरं. माझ्या यादीत जांभूळ, शेवगा आणि बूच. बुचाच्या फुलांखाली उभं राहून कविता करावी, फांदीवर उभं राहू नये.

---

बारीक_धार
मंगळवार, रात्री ९:४५

बोहरी आळीत किलोवर दोर मिळतो, निळा-पिवळा. बारा मिमी. दुकानदार म्हणतो ट्रक बांधतात, माणूस काय चीज आहे. इतके पैसे वाचत असतील तर?

---

सह्यभटका
मंगळवार, रात्री १०:०२

कृपया नको! हे मलाही माहीत आहे.

---

दोरवाला
मंगळवार, रात्री १०:३०

@बारीक_धार, तो बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचा असतो. १६५ अंशांच्या आसपास वितळतो, उन्हात दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होतो. गाठ भरभर सरकली तर घर्षणाने एवढी उष्णता होते. ट्रकवरचा माल दोरावरून सरकत खाली उतरत नाही, हा फरक दुकानदाराला सांगा.

त्याच आळीतून मी ताडपत्री, कप्प्या, पाचरी, खालच्या पाल्याची गाठोडी बांधायचा दोर सगळं आणतो. फक्त ज्याला स्वतः लटकायचं ते तिथून नाही. हार्नेसवर युरोपीय ईएन क्रमांक किंवा आपला आयएस ३५२१ बघून घ्यावा. मात्र आयएस ३५२१ चा बांधकामावरचा पट्टा पडणाऱ्याला पाठीकडून धरतो, त्यात बसून काम करता येत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

लाइनमन_निवृत्त
बुधवार, दुपारी १२:१५

३१ वर्षे तारांवर काढली. तुम्ही कोणीच तारांबद्दल लिहिले नाही म्हणून लिहितो.

ओली फांदी वीज वाहते. हिरवी फांदीही वाहते, कारण आत पाणीच असते. ११ केव्हीच्या तारेला हात लावायची गरज नसते, जवळ गेले तरी पुरते. पुण्यात देखभालीसाठी बहुधा गुरुवारी वीज बंद ठेवतात, त्या दिवसाला जोडून काम मागा, रीतसर पत्र देऊन. आणि 'बंद केलंय' असे कोणी फोनवर सांगितले म्हणजे बंद झाले असे समजू नका. एखाद्या सोसायटीचा जनरेटर किंवा इन्व्हर्टर चुकीचा जोडलेला असेल तर बंद तारेत उलटा प्रवाह येतो. आम्ही तार तपासून, तिला जमिनीशी जोडल्याशिवाय हात लावत नव्हतो. माझा एक सहकारी एकदा ते विसरला. त्यापुढे लिहीत नाही.

---

पारंबी
बुधवार, दुपारी १:००

काका, धन्यवाद. हे सगळ्यात आधी यायला हवं होतं.

---

आमराई
बुधवार, दुपारी ३:२०

माझा प्रश्न जरा घरगुती आहे. शेवग्यावर केसाळ सुरवंटांचे गठ्ठे आलेत, खोडाला चिकटून. छाटून टाकू का झाड? आणि शेजारच्या इमारतीच्या वडावर आग्यामोहोळ आहे. तुम्ही लोक वर गेल्यावर माश्या काय करतात?

---

दोरवाला
बुधवार, रात्री १०:१०

@आमराई ताई, शेवगा छाटू नका. सुरवंट दिवसा खोडावर गोळा होऊन बसतात, तेव्हाच लांब काठीला चिंधी बांधून साबणाच्या पाण्यात पाडा. पूर्ण बाह्या, हातमोजे. हाताला लागले तर आठवडाभर खाजवत बसाल.

आग्यामोहोळाचं एका वाक्यात : मी जातच नाही. औंधला एकदा पानांमागे पोळं होतं, खालून दिसलं नाही. करवतीच्या तिसऱ्या ओढीला डोक्यावर पावसासारखा आवाज आला. माश्या झोंबत असताना उतरण्याची गाठ हळू सोडायची असते, हे सांगायला सोपं. मी भसकन उतरलो. हातमोजा जळला, दोराचं आवरण चार हात चकाकत होतं, म्हणजे वितळलं होतं. कपाळापासून मानेपर्यंत बावीस काटे निघाले. खालच्या पोराने ताडपत्रीत गुंडाळलं म्हणून निभावलं. तेव्हापासून झाडाखाली आलो की पहिली पाच मिनिटं दुर्बिणीतून बघतो. लोकांना वाटतं पक्षी बघतोय. तेही बघतो, कारण आत्ता मे-जूनमध्ये कावळ्यांची घरटी असतात, आणि पिल्लं असतील तर काम पुढे जातं.

---

लीड्सवाला_पुणेकर
गुरुवार, पहाटे २:४०

इथे इंग्लंडात मी याच धंद्यात आहे, म्हणून डोकावतो. माणूस उचलणाऱ्या साधनांची तपासणी दर सहा महिन्यांनी सक्षम माणसाकडून करून घ्यावी लागते, १९९८ च्या नियमांनुसार. दोर, कड्या, हार्नेस, प्रत्येकाला क्रमांक आणि वही. मी आलो तेव्हा वाटलं, काय हा कागदी घोडा. मग तपासणाऱ्याने माझ्या कडीच्या बिजागरीतली केसाएवढी चीर दाखवली.

काप-प्रतिबंधक पँटचा नुसता उल्लेख झाला, ती काम कशी करते हे कुणी लिहिलं नाही. तिच्यात लांब तंतूंचे थर असतात, चेनसॉची साखळी कापडात शिरली की तंतू ओढले जाऊन चाकात गुंततात आणि साखळी थांबते. वर्ग १ ची पँट सेकंदाला २० मीटर वेगाच्या साखळीसाठी असते, म्हणजे ताशी ७२ किमी. जमिनीवर पुढच्या बाजूचं संरक्षण पुरतं. वर चढणाऱ्याला चारही बाजूंनी हवं, कारण पाय कुठे असेल सांगता येत नाही. पुण्याच्या मे महिन्यात ती घालता का? खरं सांगा.

बाकी इथेही नवशिक्याची पहिली वर्षं पाला ओढण्यातच जातात.

---

दोरवाला
गुरुवार, सकाळी ६:०५

खरं सांगतो. चेनसॉ असेल तर घालतो, म्हणून चेनसॉचं काम साडेसहा ते साडेनऊ. त्यानंतर पँट काढून पिळली तर ग्लासभर घाम निघतो. मग हातकरवत, अकराला पोहे-चहा, आणि ऊन असह्य झालं की आवराआवर. वर्षातले आठ महिने एवढाच दिवस. सोसायट्यांना हे पटत नाही, "एवढ्या सकाळी मशीन?" दहाला सुरू केलं तर "मुलांचे ऑनलाइन क्लास".

दुपार साधनांची. साखळीला धार, चार मिलिमीटरची गोल कानस, प्रत्येक दाताला सारखे घासे. बोथट साखळी पिठासारखा भुसा टाकते, धारेची असेल तर ढलप्या पडतात. तेल-पेट्रोलचं प्रमाण एकास पन्नास, लिटरला २० मिली. हल्लीच्या ई-२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलने आमचं डोकं खाल्लंय. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, मिश्रण पंधरा दिवस टाकीत राहिलं तर कार्ब्युरेटरचा पडदा कडक होतो आणि ऐन कामाच्या दिवशी मशीन रुसतं. मी रोज टाकी रिकामी करून, मशीन बंद पडेपर्यंत चालवून ठेवतो.

आज निघतो, कोथरूडला ओंडके उतरवायचेत.

---

सेक्रेटरी_बी_विंग
गुरुवार, रात्री ८:३०

ओंडके 'उतरवायचे' म्हणजे? टाकत का नाहीत?

---

दोरवाला
गुरुवार, रात्री १०:४५

खाली कंपाउंडची भिंत, पाण्याची टाकी आणि एक ॲक्टिव्हा.

गणित सोपं आहे आणि तेच लोक चुकतात. ओलं लाकूड जवळपास पाण्याएवढं जड धरा. एक फूट व्यासाचा मीटरभर ओंडका सत्तर किलो. व्यास दोन फूट झाला की वजन दुप्पट नाही, चौपट : पावणेतीनशे-तीनशे. तो दोराला बांधून, कप्पीतून घेऊन, दोराचे वेढे खाली बुंध्याला घालून हळूहळू सोडायचा. वेढे किती घालायचे हे खालचा माणूस ठरवतो. एक कमी पडला तर दोर त्याच्या हातातून जातो, एक जास्त झाला तर ओंडका हिसक्याने थांबतो आणि तो हिसका मी ज्या खोडाला बांधलेला असतो त्यालाच बसतो. आज तसं झालं, खोड असं डुललं की मला थेट सिंहगड दिसला. माझा खालचा माणूस नवा आहे. वरून एक शब्द न बोलता उतरलो, चहा घेतला, मग बोललो.

म्हणून तुम्हाला सांगतो, दर विचारताना 'वर कोण चढणार' हे सगळे विचारतात. 'खाली दोर कोण धरणार' हेही विचारा.

---

सेक्रेटरी_बी_विंग
शुक्रवार, सकाळी ७:५०

विचारले. ४,००० वाल्यांनी उत्तर दिले, "वॉचमन धरेल." आमचा वॉचमन ६३ वर्षांचा आहे. विषय संपला.

गुलमोहराला किती वर्षे झाली हे जुन्या सभासदांना विचारले. सोसायटी १९७९ ची, झाड वास्तुशांतीच्या वर्षी लावले. म्हणजे अजून पन्नास भरलेली नाहीत, पण फार दूरही नाहीत. अर्ज आजच करतो. दुर्बीण घेऊन एकदा बघून जाल का? शेंड्याजवळ काटक्यांचे काहीतरी आहे आणि एक कावळा माझ्या टकलावर दोनदा झेपावला आहे.

---

दोरवाला
शुक्रवार, दुपारी १:१५

मग दुर्बीण कशाला, तपासणी तुमच्या टकलानेच केलीय. पिल्लं आहेत. ती उडेपर्यंत मी येत नाही, तुम्हीही टोपी घाला. तोवर झुकलेल्या टोकाखाली गाड्या लावू नका, दोऱ्या बांधून जागा मोकळी ठेवा. अर्जाला वेळ लागतोच, दोन्ही एकदम होईल.

---

मुळशीचा_म्हातारा
शनिवार, सकाळी ६:४०

एक इचारायचं राह्यलं. तुमचा जुना झालेला दोर टाकून देता का? नातीला नागपंचमीला झोका पाह्यजे. आंबा हाय दारात. तसला चांगला दोर आमच्या हिकडं मिळत न्हाय.

---

दोरवाला
शनिवार, रात्री ९:२०

बाबा, जुना दोर मी कुणालाच देत नाही. ज्या दिवशी बाद करतो त्याच दिवशी हात-हातभर तुकडे करतो, कारण दिसायला तो चांगलाच दिसतो आणि कोणीतरी त्याला लटकतं. तो माश्यांवेळचा दोरही असाच गेला, पंधरा दिवस वापरलेला.

नागपंचमीच्या आधीच्या रविवारी मीच नवा घेऊन येतो मुळशीला. फांदीला दोर घासू नये म्हणून खाली कॅनव्हासची पट्टी लागेल, तीही आणतो.

---

मुळशीचा_म्हातारा
रविवार, सकाळी ६:१०

या. फांदी मी निवडून ठिवतो. दोर तुमी बांधा, पर पह्यला झोका मी घेणार. साठ किलो हाय मी, चालंल का?

---

दोरवाला
रविवार, सकाळी ६:३०

२,२०० पर्यंत चालेल.